वाटणीला आलेली खोकी

मीटरवहिनीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता जवळपास कोणी उरलं नव्हतं. घरात ती थोरली, जावेची ताई, दिराची वहिनी; आणि गाण्याबजावण्याच्या धंद्यातल्या सगळ्यांची मीटरवहिनी. हॉल भाड्याने देणारे, गायक, वादक, अगदी खुर्च्या मांडणारेसुद्धा तिला याच नावाने ओळखत. कारण उघड होतं. मीटर लावून पाहिल्याशिवाय ही बाई कुठलंही खोकं कुठल्याही मशीनला जोडू देत नसे. गायक येऊन उभा राहो, लोक खुर्च्यांवर चुळबुळ करोत, आयोजकाचा जीव खालीवर होवो. वहिनी आपली स्पीकरच्या खोक्यामागे उकिडवी बसून, मीटरच्या दोन काड्या टेकवून काट्याकडे बघत असायची. कोणी "झालं का?" म्हटलं की मान वर न करता म्हणायची, "झालं की उठेनच. मला काही इथे बसून राहायची हौस नाही."

घरचा धंदा आवाजाचा होता. कार्यक्रमांना माइक, आवाज मोठा करणारी मशीनं, स्पीकर भाड्याने द्यायचे, नेऊन लावायचे, कार्यक्रम पार पाडायचा आणि सगळं परत आणायचं. सासऱ्यांनी एका खोलीत सुरू केलेला हा धंदा दोन मुलांनी टेम्पोभर वाढवला. थोरल्याला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याला, कान होता. हॉलच्या शेवटच्या रांगेत उभं राहून कुठला आवाज कुठे अडतोय हे तो डोळे मिटून सांगायचा. धाकट्याला तोंड होतं. गिऱ्हाईक आणणं, भाव ठरवणं, रुसलेल्या गायकाची समजूत काढणं हे सगळं त्याच्याकडे. आणि या कानाच्या आणि तोंडाच्या मध्ये जो वायरींचा गुंता होता, तो वहिनीकडे.

तो तिच्याकडे आला याला कारण तिची आधीची नोकरी. लग्नाआधी ती मोटारी भरून देणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. जळालेल्या मोटारीतली काळी तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळायची, हे तिचं काम. त्यामुळे जळक्या तारेचा वास तिला इतरांच्या आधी यायचा. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात ती चहा घेऊन मागच्या खोलीत गेली आणि कप खाली ठेवण्याआधी सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, ते डावीकडचं मशीन तापलंय." सासऱ्यांनी हात लावून पाहिला, मशीन बंद केलं आणि मग सुनेकडे नीट बघितलं. मुलगी पाहायला गेले होते तेव्हाही त्यांनी एवढं निरखून पाहिलं नव्हतं.

पुढे त्यांनीच तिला शिकवलं. बेस गिटारच्या मशीनवर त्यांचा विशेष जीव होता, कारण सगळ्यात जास्त ताकद त्यालाच लागते आणि सगळ्यात जास्त मशीनं तिथेच जळतात. "खोकं म्हणजे नळ समज," ते म्हणायचे. "मशीन म्हणजे पंप. खोक्यामागे अंक असतो ना, आठ किंवा चार, तो नळ किती आवळलेला आहे ते सांगतो. आठचा नळ जास्त आवळलेला, चारचा सैल. आता एका पंपाला आठचे दोन नळ लावले, तर पंपाला वाटतं की चारचा एक सैल नळ सोडलाय. लोकांना वाटतं दोन आठ म्हणजे सोळा. छे! उलटं. जितके नळ वाढवशील तितका पंप जास्त पळणार. आपला पंप चारपर्यंत पळू शकतो. त्याच्या खाली नेलंस तर तो ऊर फुटेस्तोवर पळेल, आणि मग बसेल तो कायमचा."

"पण मीटरवर तर आठच्या खोक्याला सहा दिसतात," तिने तेव्हा विचारलं होतं.

"मीटर झोपलेल्या स्पीकरला मोजतो. आठ हा जागा असतानाचा. सहाच्या आसपास दिसलं की आठ समजायचं, तीनच्या जरा वर दिसलं की चार."

सासऱ्यांची बेसची खोकी एकूण चार होती. दोन आठची, त्यांनी स्वतः बांधलेली. दोन चारची; त्यांसाठी बंद पडलेल्या एका नाचघरातून त्यांनी आतले स्पीकर आणले आणि टेम्पोत एकावर एक नीट बसावीत म्हणून बाहेरची पेटी पहिल्या दोन खोक्यांच्याच मापाची केली. मागे पत्र्याच्या छोट्या पट्ट्या ठोकून त्यावर अंक घातले. मोठ्या हॉलला आठची जोडी जायची, छोट्या खोलीला चारचं एकटं खोकं. चार आणि आठ कधी एका मशीनला लागले नाहीत. लागू देणारी बाई घरात नव्हती.

सासरे गेले आणि पुढे काही वर्षांनी भावांचं बिनसलं. निमित्त क्षुल्लक. धाकट्याने घेतलेला एक कार्यक्रम थोरल्याने "त्या हॉलमध्ये आवाज नुसता घुमतो, मी नाव घालवणार नाही" म्हणून मोडला, आणि धाकट्याने गिऱ्हाइकासमोर "दादाला फक्त नाही म्हणता येतं" असं म्हटलं. एवढंच. पण एवढ्यामागे बरंच काही साठलं असणार, कारण त्यानंतर दोघांनी वेगळं व्हायचंच ठरवलं.

वाटणी सासूबाईंनी केली. तीही नेमकी अशा वेळी, की वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. सासूबाईंनी मुद्दामच ती वेळ साधली, असं जाऊ नंतर हळूच म्हणाली. त्यात वाईट हेतू नव्हता. थोरल्या सुनेला त्यातलं कळतं, ती समोर असली तर धाकटा म्हणणार की वहिनीने आपल्या सोयीचं निवडून घेतलं. म्हणून ती नसतानाच. आणि वाटणी म्हणजे डोळ्यांना सारखी दिसली पाहिजे, हा सासूबाईंचा कटाक्ष. घर दोन भागांत तोडलं, तेव्हा खिडक्यासुद्धा मोजून सारख्या केल्या. स्वतः त्या मधल्या पुढच्या खोलीत राहिल्या. दोन्हीकडे एकेक दार, आणि दोन्ही दारं उघडी ठेवून मध्ये खुर्ची. कुठल्याही घरात भांडं पडलं तरी त्यांना कळायचं, आणि कुठलं भांडं तेही.

खोक्यांच्या बाबतीत त्यांनी आणखी काळजी घेतली. दोन खोकी जुनी दिसत होती आणि दोन त्यामानाने बरी. जुनं ज्याच्या वाट्याला जाईल तो जन्मभर बोलणार. म्हणून त्यांनी रंगारी बोलावला आणि चारही खोक्यांना पुढूनमागून काळ्या रंगाचे दोन हात मारून घेतले. पुढचं कापडही एकसारखं नवं बसवलं. रंगाऱ्याने मागच्या पत्र्याच्या पट्ट्यांवरूनही इमानाने ब्रश फिरवला, अंक बुडाले. मग सासूबाईंनी दोन खोकी इकडे सरकवली, दोन तिकडे. सासऱ्यांचं जुनं मशीन थोरल्याकडे राहिलं, त्याच्या बदल्यात धाकट्याला माइकचा संच गेला आणि त्याने स्वतःचं नवं, तेही चारपर्यंतच पळणारं मशीन घेतलं. "आता बोला," सासूबाई म्हणाल्या. दोघांनी माना डोलावल्या. थोरल्याने तर आईच्या हातावर हात ठेवून शब्द दिला, की या वाटणीवर मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही.

वहिनी परत आली ती बारशाचे कपडे पिशवीतून काढण्याआधी मागच्या खोलीत गेली. काळीकुळकुळीत दोन खोकी शेजारी शेजारी उभी. तिने सवयीने मीटर लावला. एकाला सहा. दुसऱ्याला तीनच्या वर जरासं. म्हणजे एक आठ आणि एक चार. म्हणजे पलीकडेही एक आठ आणि एक चार. डोळ्यांना सारखी दिसेल अशी वाटणी करता करता सासूबाईंनी दोन्ही जोड्या मोडल्या होत्या. आता कुठल्याच घरात अशी दोन खोकी नव्हती, जी एका मशीनला बिनघोर लावता येतील.

ती कोणालाच काही बोलली नाही. नवऱ्याचा शब्द तिला कळला होता. छोटे कार्यक्रम एकेका खोक्यावर निघत होते, पलीकडेही निघत असणार. जखमेवर खपली धरत होती. ती खरवडायला नखं काढणारी आपण कोण, असं म्हणून तिने आपल्या चारच्या खोक्यावर खडूने एक फुली मारली आणि तोंडात मूग धरले.

ते मूग धाकटी जाऊ वायर मागायला आली तेव्हा टिकेनात.

जाऊ तशी बिनधास्त. भावाभावांचं बोलणं बंद होतं, पण जावाजावांचं साखर, सुई, गप्पा यांसाठी चालू होतं. ती मागच्या दाराने आली आणि म्हणाली, "ताई, तुमच्याकडची ती जाड वायर द्याल का दोन दिवस? खोक्याखोक्यात लावायची."

"कुठली दोन खोकी?" वहिनी कांदा चिरत होती. सुरी थांबली.

"आमचीच हो. बेसची. खर्जमास्तरांनी मोठ्या हॉलचा कार्यक्रम यांना दिलाय ना!" तिचा चेहरा फुलला होता. "एवढा मोठा हॉल आम्ही एकट्याने पहिल्यांदाच घेतोय. हे तर रात्री झोपेतसुद्धा खुर्च्या मोजतात."

खर्जमास्तर म्हणजे बेस गिटार वाजवणारे जुने गिऱ्हाईक. वाजवायचे खर्जात, पण स्वतःचा आवाज असा बारीक की फोनवर लोक त्यांना बाई समजून बोलत. माणूस मोठा वाजवणारा. त्यांचा कार्यक्रम नीट झाला की पुढची चार कामं आपोआप येतात, हे दोन्ही घरांना माहीत होतं.

"दोन्ही खोकी एका मशीनला लावणार?"

"लावून पाहिलीसुद्धा! काल दुपारी अंगणात. ताई, काय आवाज म्हणून सांगू! एका खोक्यापेक्षा दुप्पट. फक्त यांनी गिटारची वायर लावली होती ती जरा कोमट झाली. म्हणून म्हटलं, जाड आणावी."

वहिनीने सुरी खाली ठेवली. आवाज मोठा येणारच. सैल नळातून पाणी जास्तच येतं. अंगणात हलक्या हाताने वाजवलं तर मशीनला काही होत नाही, उलट ते खुलल्यासारखं वाटतं. पण भरल्या हॉलमध्ये मास्तर जाड तारेवर बोट मारायला लागले, की चार आणि आठ मिळून पावणेतीनच्याही खाली उतरलेला तो बोजा मशीन किती वेळ ओढणार? चांगलं असेल तर स्वतःहून बंद पडेल. स्वस्तातलं असेल तर तेवढीही उसंत मिळणार नाही.

"वायर नाही का?" जाऊने विचारलं.

"आहे. शोधावी लागेल. उद्या देते," वहिनी म्हणाली, आणि आपण खोटं बोललो याचा तिला रागच आला. वायर तिच्या डोक्यावरच्या खिळ्याला लटकत होती.

जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने घास संपवला. मग म्हणाला, "लावू दे."

"मशीन जळेल."

"त्याचं मशीन, त्याचा धूर."

"दोघांच्याही पाटीवर आडनाव एकच आहे. लोक धूर बघतील, त्यातला धाकटा कोण आणि थोरला कोण ते बघणार नाहीत."

"मी शब्द दिलाय," तो म्हणाला. "आता काही म्हटलं तर तो काय म्हणेल माहितेय? दादाला खोकी बदलून हवीत. वाटणी पचली नाही. आणि आई काय म्हणेल?"

"शब्द तुम्ही दिलाय. मी कुठे होते? मी लेकीकडे दुपटी वाळत घालत होते."

"म्हणजे आता तू बोलणार."

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. तिला बोलायचं नव्हतं. वायरही द्यायची नव्हती. मधलं काही सापडलं असतं तर तिने आनंदाने ते केलं असतं. वायर हरवली म्हणून सांगावं? तो बाजारातून दुसरी आणेल. जाऊला कानात सांगावं? ती बिचारी नवऱ्याला सांगेल, आणि नवरा विचारेल, तुला कोणी शिकवलं. भांडी घासता घासता तिने असे बरेच नळ उघडून पाहिले. सगळे त्याच मोरीत जात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासूबाईंच्या खोलीत गेली. त्या मटार सोलत होत्या. दोन्ही घरांसाठी दोन वेगळ्या भांड्यांत. एक मूठ इकडे, एक मूठ तिकडे. वहिनी समोर बसली आणि एक शेंग हातात घेऊन म्हणाली, "आई, खोक्यांचं थोडं बोलायचंय."

"वाटणीचं असेल तर नको."

"वाटणीचं नाही. अंकांचं."

तिने सांगितलं. नळ, पंप, आठ, चार, सगळं. सासूबाई सोलत राहिल्या. त्यांचे हात मध्येच थबकले, ते पट्ट्यांवरच्या रंगाबद्दल ऐकताना.

"म्हणजे मी चुकले म्हणतेस."

"तुम्ही सारखं दिलंत, आई. त्यात काही खोट नाही. पण ही वस्तू सारखी वाटण्यातली नाही. जोडी एका घरात राहिली तरच तिचा उपयोग."

"दोन लेकरांना सारखं दिलं नाही तर आई कशाला म्हणायची मला?" सासूबाईंचा आवाज चढला. "तू नव्हतीस म्हणून मी रंगारी बघितला, कापड बघितलं, भर उन्हात उभी राहिले. आणि आता तू मीटर घेऊन येतेस!"

वहिनीने हातातली शेंग सोलली. सासूबाईंचा राग म्हणजे दुधासारखा; आच काढली की खाली बसतो, ढवळायला गेलं की उतू जातो.

"मग आता काय करायचं म्हणतेस?" बऱ्याच शेंगांनंतर त्यांनी विचारलं.

"आमच्यातलं आठचं तिकडे द्यायचं. त्यांच्यातलं चारचं इकडे घ्यायचं. त्यांची आठची जोडी झाली, की मशीनला बरोबर चार दिसतात. मोठ्या हॉलला ते मोकळे."

"आणि तुमच्याकडे?"

"दोन चारची. दोन्ही एकदम लावता येणार नाहीत. एक लावायचं, एक राखीव ठेवायचं."

"म्हणजे मोठा हॉल तुमच्या हातून गेला."

"हो."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग दोन्ही भांड्यांकडे. "हे मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "थोरल्याला कमी आणि धाकट्याला जास्त, हे माझ्या तोंडून निघणार नाही. मेले तरी नाही."

"नका सांगू."

"आणि तू केलंस तर मला दिसणार नाही." त्यांनी उठून खुर्ची उचलली आणि दारांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून ठेवली. मटारचं भांडं मांडीवर घेतलं. वहिनीला हसू आलं. ते तिने बाहेर पडेपर्यंत दाबून धरलं.

नवरा माइक दुरुस्तीला बाहेर गेला होता. त्याच्या मागे करायचं नाही, त्याच्यासमोर करायचं, असं तिला वाटत होतं. पण त्याच्यासमोर केलं तर त्याला एकतर अडवावं लागेल नाहीतर शब्द मोडावा लागेल. तो नसलेला बरा. तिने आठचं खोकं ढकलगाडीवर चढवलं, खिळ्यावरची वायर खांद्यावर टाकली, मीटर खोक्यावर ठेवला आणि भर दिवसा, पुढच्या रस्त्याने, धाकट्याने सामान ठेवायला घेतलेल्या गाळ्याकडे निघाली. गाडीचं एक चाक कुरकुरत होतं. समोरचा शिंपी मशीनवरून मान वर करून म्हणाला, "काय वहिनी, वाटणी परत चालली वाटतं?"

"तुमच्या शिवणीवर लक्ष ठेवा. उसवायला वेळ लागत नाही," ती म्हणाली.

धाकटा दीर गाळ्यात वायरी गुंडाळत होता. आधी वहिनीला बघून उठला, मग खोकं बघून बसला.

"वायर मागितली होती, वहिनी. खोकं नाही."

"दोन्ही आणलंय. तुमची दोन खोकी इकडे सरकवा, भावजी."

"हे दादाने पाठवलं? बिघडलंय का? म्हणजे बिघडलेलं माझ्या गळ्यात आणि चांगलं तिकडे?"

"तुमच्या दादाला ठाऊकसुद्धा नाही मी इथे आहे. तोंड नंतर चालवा. आधी ही काडी धरा."

तो काडी धरून बसला. लहानपणापासून कोणी काही धरायला दिलं की धरायची सवय होती. तिने त्याच्याच हाताने पहिल्या खोक्याला मीटर लावला. काटा सहाशी गेला. दुसऱ्याला लावला. तीनच्या जरा पुढे जाऊन थांबला.

"बिघडलंय हे," तो म्हणाला.

"बिघडलेलं नाही. चारचं आहे. मामंजींनी नाचघरातून आणलेलं." तिने खिशातून चाकू काढला आणि पत्र्याच्या पट्टीवरचा रंग थोडा खरवडला. रंगाखालून चारचा आकडा निघाला. धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. वडिलांचं अक्षर, ठोकून काढलेलं, थोडं तिरकं.

"अंगणात तर मस्त वाजलं होतं," तो हळूच म्हणाला.

"वाजणारच. पळायला लागलेला माणूस आधी जोरातच पळतो. गिटारची वायर कोमट झाली ना? ते मशीन हाक मारत होतं. ती वायर गिटार ते मशीन एवढ्यासाठीच, भावजी. मशीन ते खोकं ही जाडच लागते."

त्याने मान खाली घातली. मग एकदम वर केली. "तुला हे केव्हापासून माहीत आहे?"

तिने चाकू मिटला. "लेकीकडून आले त्या दिवसापासून."

"आणि इतके महिने बोलली नाहीस?"

"काय बोलायचं होतं? तुम्ही दोघं एकमेकांच्या सावलीला उभे राहत नव्हता. मी म्हटलं असतं खोकी बदला, तर तुम्ही पहिलं वाक्य काय म्हटलं असतं? आत्ता म्हणालात तेच."

तो उठला, चारचं खोकं स्वतः उचलून ढकलगाडीवर ठेवलं आणि दोरी आवळत म्हणाला, "मग दादाकडे काय राहिलं? दोन चारची? त्याला मोठा हॉल कसा घेता येणार?"

"नाही येणार."

"मला नको असं."

"तुमच्या हातात आत्ता हॉल आहे. त्यांच्या हातात नाही. दादाचं मी बघते."

दादाचं बघणं तितकं सोपं नव्हतं. संध्याकाळी तो मागच्या खोलीत गेला आणि तिथेच उभा राहिला. खोकी काळी ती काळीच. पण चाकाच्या खुणा जमिनीवर होत्या आणि नव्या आलेल्या खोक्याची पट्टी खरवडलेली होती. तो बाहेर येऊन पायरीवर बसला. ओरडला असता तर वहिनीला सोपं गेलं असतं.

"मास्तर आता कायमचे त्याच्याकडे गेले," तो म्हणाला.

"मोठ्या हॉलपुरते."

"त्यांचे सगळे मोठेच हॉल असतात."

"हो," ती म्हणाली. त्याला खोटा धीर देण्याइतकी ती निर्दय नव्हती. "कमी झालं आपलं. मी केलं ते. तुम्ही शब्द पाळलात, अवाक्षर काढलं नाहीत. मोडला तो माझ्याकडून मोडला."

"मला विचारलं असतंस तर?"

"तर तुम्ही नाही म्हटलं असतं, आणि मग मला तुमचं ऐकावं लागलं असतं. मला ते नको होतं."

त्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग होता, पण त्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, जे तिला ओळखता आलं नाही. रात्री तो जेवला. कमी जेवला, पण जेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी वहिनी हॉलवर गेली. धाकट्याने बोलावलं होतं. "जोडणी तू कर. मी हात लावणार नाही," असं त्याने सरळच सांगितलं होतं. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, वर पंख्यांचा एकसुरी आवाज, रंगमंचावर दोन काळी खोकी आणि मध्ये खर्जमास्तर गिटार गळ्यात अडकवून. वहिनीने दोन्ही खोकी जाड वायरीने जोडली, मशीनला लावण्याआधी दुसरं टोक मीटरवर धरलं. काटा तीनवर. म्हणजे जागेपणी चार. मशीनच्या मागे लिहिलेलं तेच.

"झालं का, बाई?" मास्तरांनी त्यांच्या बारीक आवाजात विचारलं.

"झालं. आता जाड तार मारा. जोरात मारा, दयामाया नको."

मास्तरांनी तार छेडली. फळ्या थरथरल्या. वहिनी मशीनच्या मागे तळहात टेकवून उभी राहिली. मास्तर वाजवत राहिले, खालच्या सुरावरून आणखी खाली गेले, आणि मशीन कोमट झालं, तेवढंच. त्यापुढे गेलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला. ती पायऱ्या उतरून खाली आली तेव्हा तिला हॉलच्या शेवटी, दाराशी, एक ओळखीची आकृती दिसली. हात पाठीमागे, मान किंचित तिरकी.

ती शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेली. "तुम्ही?"

"इकडून चाललो होतो," नवरा म्हणाला. हॉल कुठल्याच रस्त्यावर लागत नव्हता.

"आवाज कसा आहे?"

"मशीन ठीक चाललंय." तो थांबला. त्याच्या कपाळावर आठी होती. "डावं खोकं कोपऱ्यात दाबून ठेवलंय. घुमतंय. दोन हात पुढे घेतलं पाहिजे."

"सांगा ना भावजींना."

"मी कशाला? तू सांग."

"मला वायरीतलं कळतं. कोपऱ्यातलं नाही," ती म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीत बसली. पाय दुखत होते, हेही खरंच होतं.

मास्तर वाजवत होते. तो घुमारा दर सुरामागे येत होता, ओल्या गोधडीसारखा जड. नवरा ऐकत उभा होता. त्याने एक पाय बदलला. मग दुसरा. मान हलवली. जीभ टाळ्याला लावून चुक् केलं. वहिनी समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा नंबर बघत बसली.

शेवटी त्याला राहवेना. तो मधल्या वाटेने तरातरा चालत गेला, रंगमंचावर चढला आणि कोणाकडेही न बघता डाव्या खोक्याला हात घालून ते ओढायला लागला. खोकं फळ्यांवर करकरत सरकलं.

"अरे ओढू नकोस, उचल!" माइक लावत असलेला धाकटा ओरडला. "फळ्यांवर चरे पडले तर हॉलवाला माझ्या नावाने खडे फोडेल!"

"एकट्याने उचलतं का ते? शिकवतोयस मला?"

"मग हाक मारायची!"

"मारली समज. तिकडून धर."

"धरलंय. चल."